चार रविवारांत सजलेलं घर

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, कधीतरी कामाला येतील असं वाटतं, आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात! आमच्या पाच जणांच्या कंपूकडे असे किस्से इतके आहेत की त्यातले दोघं जरी भेटले तरी एखादा निघतोच. गंमत म्हणजे बहुतेक सगळे एकाच घरातले, आणि एकाच महिन्यातले.

पाच जण कोण ते आधी सांगते. मी, चंदीगडला आर्किटेक्चर शिकून नुकतीच सुप्याला परत आलेली. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ आनंद, इथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर. आई, निळ्या भिंतींच्या अंगणवाडीत मदतनीस. काष्टीची आत्या, घरात काही ठरलं की पहिल्या एसटीनं हजर होणारी. आणि बाळू, दादाच्याच कारखान्यातला वेल्डर, स्वतःच्या घरापेक्षा आमच्या घरी जास्त जेवलेला.

घर दोन खोल्यांचं. वर पत्रे. भिंती नुसत्या विटांच्या, गिलावा न केलेल्या. आतल्या खोलीला चौकट होती, दार नव्हतं. गिलावा आणि दार, दोन्ही माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात गेलं होतं. हे घरात कुणी कधी बोलत नसे. त्यामुळे मला ते जास्तच ऐकू यायचं.

आमच्याकडे मुलगा-मुलगी पसंत पडली की मुलीकडचे ‘घर बघायला’ येतात. येतात, चहा घेतात, भिंतींकडे बघतात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. दादाचं तीन वेळा ‘कळवतो’ झालं होतं. चौथं स्थळ नगरचं. मुलगी वैशाली, एका दवाखान्यात नर्स. वडील चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दादा तिला एकदाच बघून आला आणि त्या दिवसापासून रोज दाढी करायला लागला!

मामा मध्यस्थ होते. निरोप त्यांनीच आणला. “आजपास्नं पाचव्या रविवारी येत्यात. आन् पोरगी बी येनार हाय.”

“पोरगी कशाला?” आत्या दचकली.

“ती म्हनली, ऱ्हायचं मला हाय, तर बघनार बी मीच.”

मामा गेल्यावर आईनं सगळ्यांना समोर बसवलं. वैशालीचं आधी एक लग्न ठरलेलं मोडलं होतं. तेही पत्रिका छापून झाल्यावर. “त्या विषयाचा एक शबूद जरी कुनी काढला ना,” आई आत्याकडे बघत म्हणाली, “तर बघा!”

दादा एवढंच म्हणाला, “आता चौथ्यांदा ‘कळवतो’ झालं, तर मी पुन्हा कुणाला चहा पाजणार नाही. संपला विषय.”

तो हसत म्हणाला होता, पण कुणी हसलं नाही. मग मीच उठून उभी राहिले आणि म्हणाले, “घर सुंदर करायला पैसा लागत नाही. हात लागतात. चार रविवार द्या मला!”

बाळूनं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

*

पहिल्या रविवारी मी सगळ्यांना बाहेर उभं करून भिंत दाखवली आणि समजावलं की विटांची उघडी भिंत ही लाज नाही, तो एक विचार आहे. आमच्या कॉलेजच्या इमारतीत मोठमोठ्या भिंती अशा मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. बाहेरगावची माणसं त्या बघायला यायची, फोटो काढायची.

आई शांतपणे ऐकत होती. म्हणाली, “आमी बारा वर्सं उगडीच ठिवलीया. तेवढ्यासाठी चंदीगडला जायाची काय गरज हुती?”

चुना लावायचं ठरलं.

चुनखडी भिजवली, सरस घातला, झाडूचा कुंचला केला. पांढऱ्याला जरा उजळी यावी म्हणून नीळ घालायची असते, चिमूटभर. पहिला हात ओला असताना फिका दिसला, म्हणून मी बाळूला म्हटलं, अजून थोडी घाल. बाळूनं पुडी उपडी केली. मग दुसरी. मी शिकलेली होते, म्हणून मला कुणी अडवलं नाही!

दुपारी भिंत वाळली. घर निळं झालं. फिकं नाही, नीलकंठ पक्ष्यासारखं. रस्त्यावरून जाणारे सायकलवाले एक पाय टेकवून बघायला लागले. दादा ओट्यावर डोकं धरून बसला होता. चुना संपला होता, रविवार संपत आला होता, आणि त्याच्या नजरेला मला नजर देता येत नव्हती.

तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. तिच्या मागे आणखी दोघी. पहिलीनं आईला ओळखलं आणि मुलाचं तोंड बोटांनी उघडून पुढं केलं.

“पोलिओचा डोस हितंच हाय न्हवं, बाई?”

*

सोफ्यासाठी लाकूड हवं होतं. दादाच्या कारखान्यात परदेशातून मशिनं यायची ती देवदारासारख्या लाकडाच्या खोक्यांतून. खोकी नंतर भंगारात पडायची. दादानं साहेबांना अर्ज केला, साहेबांनी सही केली, गेटपास मिळाला. आम्ही हातगाडी घेऊन गेटबाहेर उभे. मी आणि बाळू.

शिफ्ट सुटली. दादा आणि दोघे जण फळ्या घेऊन गेटपर्यंत आले. वॉचमननं पास वाचला. परत वाचला. मग फळीवरून हात फिरवला.

“ह्यात खिळं हायेत.”

“आहेत की. खोक्याचेच आहेत.”

“पासवर लाकूड लिवलंय. लोखंड न्हाई लिवलं.”

आम्हाला आधी थट्टा वाटली. पण त्याच आठवड्यात कुणाच्या तरी डब्यात तांब्याची तार सापडली होती आणि त्या माणसाला गेटवरूनच घरी पाठवलं होतं. दादाचा चेहरा पांढरा पडला. मागे सुटलेली शिफ्ट खोळंबलेली, माणसं माना उंच करून बघतायत, कुणीतरी विचारतंय, “काय घावलं?” लग्नाच्या तोंडावर नोकरीला बट्टा लागला तर घर सजवून कुणाला दाखवायचं!

शेवटी सिक्युरिटीच्या खोलीतून पक्कड आणली. दादा आणि बाळू गेटच्या आत मातीत बसून एकेक खिळा उपसत राहिले. मी बाहेर, गजांना धरून. सूर्य बुडायला आला तेव्हा खिळ्यांनी एक डबडं भरलं होतं. वॉचमननं प्रत्येक फळी उलटीपालटी करून बघितली आणि मान हलवली. जा.

फळ्या बाहेर आल्या. डबडं मात्र बाळूच्या हातात तसंच. बोलता बोलता तोही बाहेर आला होता.

“आरं, ह्ये खिळं कंपनीचं हायेत!” वॉचमन ओरडला.

“मग घ्या की!” बाळूनं डबडं पुढं केलं.

वॉचमन दोन पावलं मागं सरला. “आसं कसं? आता ते भायेर गेलं. आत आनायला इनवर्ड पास लागंल!”

*

सोफा मी कागदावर काढला आणि दादानं बनवला. इतका देखणा झाला की आई त्यावर बसायला तयार होईना. आता प्रश्न गादीचा. बाळू म्हणाला फोम आणू. मी म्हटलं, का? आपल्या मातीत काय कमी आहे? इथलं पिकतं त्यानंच इथलं घर भरलं पाहिजे! गोणपाट शिवून त्यात मक्याची वाळलेली पानं आणि बाजरीचं सरमाड बारीक करून भरलं. वरून गेरूनं ठसे मारले. बसलं की खसखस आवाज यायचा, पण वास असा सुंदर की डोळे मिटावेत.

तो वास मलाच आवडला होता असं नाही.

गुरुवारी आई अंगणवाडीत, दादा कामावर, मी चुन्याचा दुसरा हात द्यायला मागच्या भिंतीवर चढलेली. निळा झाकायला तीन हात लागले, ते वेगळंच. घरातून फाडल्याचा आवाज आला. शिडीवरून उतरून येईपर्यंत शेजारची शेळी सोफ्याच्या हातावरची उशी खाऊन गादीच्या मध्यावर आली होती. तिची दोन पिल्लं वर चढून बसली होती. पाहुणे असते तर यापेक्षा ऐसपैस बसले नसते!

संध्याकाळी दादानं ते पाहिलं. डबा ठेवला, हात-पाय धुतले आणि ओट्यावर जाऊन बसला. मला रडू फुटलं. सतराच दिवस उरले होते.

आत्या त्याच वेळी एसटीतून उतरून पिशवीसकट आत आली. फाटलेलं गोणपाट, सांडलेलं सरमाड, मध्ये मी. तिनं एक चक्कर मारली आणि निवाडा दिला.

“ह्यो सोफा न्हाई ग बाई. ही गव्हान हाय!”

मग तिनंच आईच्या जुन्या साड्या काढल्या, तिघींनी मिळून गोधड्या भरल्या, आणि दादा ओट्यावरून उठून आत आला तेव्हा पहिल्यांदा हसला. त्या गाद्या अजून आहेत.

*

तिसऱ्या रविवारी दिव्याचा किस्सा झाला. हा मला आजही हळू आवाजात सांगावासा वाटतो.

कुंभाराकडून एक गोल मडकं आणलं. बाळूच्या ड्रिलनं त्याला भोकं पाडली, ओळीनं, नक्षीत. आत बल्ब सोडला. सगळ्या भिंतींवर प्रकाशाचे ठिपके पडले. मी छताच्या आढ्याला ते मडकं टांगलं आणि आत्याला हाक मारली. आत्यानं वर पाहिलं आणि तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

“भोकाचं मडकं? घरात? पाव्हनं यायच्या येळंला?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही ठिपक्याठिपक्यांनी. अंत्ययात्रेत पुढं धरतात ते मडकं. पण मी मागं हटणार नव्हते. “आत्या, आपण हे मानत नाही ना? छप्पनच्या धम्मदीक्षेपासून सोडलंय ना सगळं? मग?”

“आपुन न्हाई मानत,” आत्या कडाडली, “पर बघनारा मानतोय का न्हाई, त्ये तुला चंदीगडवाल्यांनी सांगितलंय का?”

“तेही आपलेच आहेत, आत्या!”

“म्हनून तर! आपल्यातलीच मानसं घाबरत घाबरत सोडत्यात. येक पाय हिकडं, येक पाय तिकडं!”

आई मधे पडेना. दादा माझ्याकडे बघेना. मला कळत होतं की मुद्दा माझा खरा आहे आणि भीती आत्याची खरी आहे. शेवटी दादा म्हणाला, “अगं, ह्यावेळी नको. लग्नानंतर लाव. मी स्वतः टांगून देईन.” त्याच्या आवाजात ‘लग्नानंतर’ हा शब्द इतक्या जपून आला की मीच स्टुलावर चढून मडकं काढलं.

आत्यानं ते माझ्या हातून हिसकलं. “आदी ह्ये गावाभायेर टाकून येते!” रागानं डोळ्यांत पाणी, पदर तोंडाला, हातात भोकाभोकांचं मडकं, अशी ती सरळ गल्लीतून चालू लागली.

दहा मिनिटांत आमच्या ओट्यासमोर सात-आठ माणसं उभी. कुणी डोक्यावर टॉवेल घेतलेला. समोरच्या दुकानदारानं अर्धं शटर ओढलेलं. दादा बाहेर गेला. एका म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

“उचलायचं किती वाजता?”

*

आता राहिली ती बिनदाराची चौकट. दार करायला लाकूड उरलं नव्हतं, आणि खिळ्यांचं नाव काढलं तरी दादाच्या अंगावर काटा यायचा. मी म्हटलं, पडदा करू. लग्नपत्रिकांचा!

ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांच्या डोळ्यांसमोर तो लगेच येईल. जुन्या पत्रिकांच्या निमुळत्या पट्ट्या कापायच्या, यू-पिनेवर घट्ट गुंडाळायच्या, टोकाला डिंक. असे हजारभर मणी एकमेकांत अडकवले की सरींचा झुळझुळता पडदा होतो. फुकटचा, आणि फार सुंदर.

आईनं एक अट घातली. पत्रिकेवर बुद्धांचं चित्र असेल तर त्याला कात्री लावायची नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या पत्रिका दिल्या तेव्हा गणपतीबद्दल हेच सांगितलं. आईनं दोन्ही मान्य केलं. आधी ती प्रत्येक पत्रिकेचा वरचा भाग चित्रासकट अलगद वेगळा करायची, मगच उरलेला कागद मला मिळायचा. गणपती काकूंकडे परत गेले. बुद्ध आईनं एका काचेच्या चौकटीत मांडले, लहान-मोठे, वर्तुळात. खरं सांगते, त्या घरातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच झाली, आणि ती मला सुचलेली नव्हती.

पत्रिका मात्र पुरेनात. चौकट अर्धी उघडीच. शेवटच्या आठवड्यात आत्या काष्टीहून आली ती पिशवी आपटूनच. “घ्या! येकाच घरात गठ्ठा घावला. सगळ्या येकासारक्या, कोऱ्या करकरीत! त्ये लोक बंबात घालनार हुते!”

राणी रंगाचा जाड कागद, सोनेरी कड. माझा जीव हरखला. इतका एकसारखा रंग कुठं मिळतो? मी लगेच पडद्याची नक्षीच बदलली. मधोमध राणी रंगाचा एक मोठा चौकोन उभा केला. त्या पत्रिकेवर बुद्धांभोवती पिंपळाचं पान होतं, हातानं रेखलेलं, प्रत्येक शीर वेगळी. आईनं त्यातलं एक अलगद वेगळं करून बुद्धांच्या काचेच्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी लावलं.

एकाच घरात एकाच लग्नाच्या शंभर कोऱ्या पत्रिका का पडून असाव्यात, हा प्रश्न आम्हा पाच जणांपैकी एकालाही पडला नाही!

*

पाचवा रविवार. पाहुणे अकराला येणार. सव्वादहाला मी केर काढत होते. सोफ्याखालून एक अर्धी पत्रिका निघाली, राणी रंगाची. कापायची राहून गेलेली. मी ती सहज वाचली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वाचली.

चि. सौ. कां. वैशाली. खाली नगरचा पत्ता.

मी दादाला हाक मारली नाही. त्यानंच माझा चेहरा पाहून कागद हातातून घेतला. मग बाळूनं. मग आईनं. आत्या शेवटी आली, तिला वाचता येत नव्हतं, आईनं वाचून दाखवलं. आत्या मटकन खाली बसली. नवरदेवाकडचे लोक काष्टीचे होते. त्यांच्याकडच्या पत्रिकाही मुलीच्या वडिलांनीच छापून दिल्या होत्या. लग्न मोडलं आणि गठ्ठा तसाच राहिला.

“काढा पडदा!” आत्या.

“काढला तर आतली खोली पूर्ण दिसते,” मी म्हणाले. आत चूल, पाण्याचे हंडे, पोती, आणि घरभरातलं जे जे लपवायचं होतं ते सगळं. “चादर लावू.”

चादर लावली. ती वाकडी आणि ओली दिसत होती, कारण ओलीच होती. बाळूनं आढ्याला दोरी बांधायला स्टूल घेतलं, स्टुलाचा पाय घसरला, पडद्याच्या चार सरी तुटल्या आणि मणी घरभर पसरले. साडेदहा. आम्ही पाचही जण गुडघ्यांवर, मणी वेचतोय, आणि प्रत्येक मणी राणी रंगाचा.

दादा उठून उभा राहिला. “असू दे. राहू दे तसाच. गुंडाळलेल्या मण्यावर काय वाचता येणार आहे?”

ते खरं होतं. नुसता रंग दिसत होता. जगात राणी रंगाच्या पत्रिका काय एकाच लग्नाच्या निघतात? आम्ही एकमेकांची समजूत घातली. चादर काढली, सरी बांधल्या. आईनं आमटी-भाताखालचा जाळ कमी केला. अकराला पाच मिनिटं असताना जीप थांबल्याचा आवाज आला.

काचेच्या चौकटीतल्या पानाची आठवण कुणालाच झाली नव्हती.

*

जय भीम झाला. पाणी झालं. वैशाली, तिचे शिक्षक वडील म्हणजे सर, तिची आई आणि मध्यस्थ मामा सोफ्यावर बसले. सर सोफ्याच्या हातावरून बोटं फिरवत होते. “सांधा चांगला बसलाय. कुणी केला?”

“मी,” दादा म्हणाला.

“खिळा दिसत नाही कुठं.”

बाळूला ठसका लागला.

मी चहा घेऊन आले तेव्हा सर उठले होते. भिंतीजवळ गेले. ते कुठं चाललेत ते मला त्यांच्या आधी एक क्षण कळलं. ते काचेच्या चौकटीसमोर थांबले. वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर पत्रा तापून कटकन वाजला.

“हे पान,” सर म्हणाले.

मग वळून: “हे पान मी काढलंय. तीन रात्री लागल्या होत्या. हे इथं कसं?”

मामा आईकडे बघायला लागले. आई जमिनीकडे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मला एव्हाना दोन-तीन खोटी कारणं सुचलीही होती. पण दादा पुढं आला. हात जोडले नाहीत, सरळ उभा राहिला.

“सर, पत्रिकेवरचं आहे. काष्टीहून गठ्ठा आला होता, पडद्यासाठी. आम्ही वाचलं नाही. आज सकाळी कळलं. चित्राला कात्री लावली नाही, आईनं ते तेवढं जपून ठेवलं. बाकीची पत्रिका…” त्यानं पडद्याकडे हात केला, आणि हात तसाच राहिला. “बाकीची तिथं आहे.”

सर सोफ्यावर परत बसले. एकदम थकल्यासारखे. वैशालीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. मामा घड्याळ बघायला लागले, आणि ती खूण आम्हाला तीन वेळची पाठ होती. आता ‘कळवतो’ येणार.

वैशाली उठली.

आल्यापासून ती चार शब्दही बोलली नव्हती. ती पडद्यापाशी गेली. एक सर हातात घेतली, तिच्यातला एक मणी नखानं सोडवला आणि पट्टी उलगडली. तिच्यावर काय होतं, कुणास ठाऊक. तिनं वाचलं आणि पट्टी परत पिनेवर गुंडाळायला लागली. घट्ट, सरळ, टोक बोटानं दाबून. मला त्या दिवशीही कळलं की तिचा मणी माझ्या मण्यांपेक्षा चांगला झाला होता.

मग तिनं पडदा बाजूला सारला आणि आत गेली. चूल, हंडे, पोती, सगळं. आत्या “अगं, आत कशाला…” म्हणेपर्यंत मागचं दार वाजलं. ती परसात, मोरीच्या बाजूला गेली होती. बाहेर आम्ही सगळे सरींकडे बघत बसलो. त्या हलत होत्या. चहावर साय धरली. तिला यायला जितका वेळ लागला तितका वेळ त्या महिन्यात कशालाच लागला नव्हता.

सरी परत सळसळल्या. वैशाली बाहेर आली. दादाकडे तिनं पाहिलं नाही. वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, आपल्या माळ्यावर अजून दोन गठ्ठे आहेत ना?”

सरांनी मान वर केली. “आहेत.”

“टाकू नका. ह्यांच्या मोरीलाही दार नाही!”